बिल चोख, हिशेब अपुरा: पुण्याच्या मिळकतकर सेवेचं परीक्षण

एप्रिल उजाडला की पुण्यात मिळकतकराची चर्चा सुरू होते. मुंबईत ज्याला मालमत्ता कर म्हणतात आणि गावाकडे घरपट्टी, त्याला पुण्यात मिळकतकर हाच शब्द रुळला आहे. या सेवेचे पैसे आपण दरवर्षी मोजतो, तेव्हा तिचं परीक्षणही इतर कुठल्याही सेवेसारखं व्हायला हवं. पैसे भरणं किती सोपं आहे, चूक निघाली तर दुरुस्त होते का, आणि भरलेल्या पैशाचं पुढे काय झालं हे कळतं का? पहिल्या बाबतीत पुणे महापालिकेची सेवा खरोखर चांगली आहे. दुसऱ्या बाबतीत कागदपत्रं नीट असतील तरच निभाव लागतो. तिसऱ्या बाबतीत ती कमी पडते, आणि सगळ्यात महत्त्वाची बाब तीच आहे.

महत्त्वाची का, ते आधी सांगायला हवं. पुण्यातली जकात एप्रिल 2013 मध्ये गेली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तो ऑगस्ट 2015 पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला आणि जुलै 2017 मध्ये जीएसटीने उरलासुरलाही संपवला. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते. रक्कम मोठी आहे, पण ती किती आणि कधी यावी हे ठरवणं महापालिकेच्या हातात नाही. बांधकाम परवानगीचं शुल्क आहे, पण ते बाजाराच्या तेजी-मंदीवर चालतं आणि एका इमारतीमागे एकदाच मिळतं. स्वतः ठरवायचा, स्वतः गोळा करायचा आणि दरवर्षी हमखास येणारा मोठा कर म्हणजे मिळकतकर. शहराच्या रोजच्या खर्चाचा भरवसा त्याच्यावर आहे.

भरणा: सोय चांगली, तीन ठिकाणी सांभाळा

संकेतस्थळावर मिळकत शोधायला विभाग, पेठ आणि खाते क्रमांक असे तीन तुकडे द्यावे लागतात. जुन्या बिलावर ते तिरक्या रेघांनी जोडून छापलेले असतात. इंग्रजी ओ अक्षर आणि शून्य यांची गल्लत इथे सहज होते. म्हणून रक्कम भरण्याआधी पडद्यावरचं नाव आणि पत्ता वाचून घ्या. दुसऱ्याच्या खात्यावर गेलेले पैसे परत आपल्या खात्यावर वळवून घ्यायला अर्ज, पावती आणि बँकेचा उतारा घेऊन कार्यालय गाठावं लागतं. यूपीआय, कार्ड, नेट बँकिंग हे सगळे मार्ग चालतात, पावती लगेच मिळते. ती त्याच वेळी उतरवून ठेवा. घर विकताना, कर्ज घेताना किंवा नाव बदलताना हीच पावती मागतात.

बिल वर्षाचं असलं तरी मागणी दोन सहामाह्यांची असते: 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. दोन्ही सहामाह्यांची रक्कम एकदम, मुदतीच्या आत भरली तर सूट मिळते. मुदत एरवी 31 मेची. काही वर्षी बिलं उशिरा निघाली तेव्हा ती पुढे ढकलली गेली. इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. 5 किंवा 10 टक्के सूट ही पूर्ण बिलावर नसते, फक्त सर्वसाधारण कराच्या ओळीवर असते. समजा बिल 10,000 रुपयांचं आहे आणि त्यात सर्वसाधारण कर 4,000 रुपये आहे, तर 5 टक्क्यांची सूट 200 रुपये होते, 500 नव्हे. बिल चुकलं असं वाटून खिडकीवर वाद घालण्याआधी ही ओळ पाहा.

सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था यांसाठीही सर्वसाधारण करात सूट आहे: एका व्यवस्थेला 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10. व्यवस्था चालू असली पाहिजे ही अट आहे, आणि तपासणीत ती बंद आढळली तर सूट जाते. सोसायट्यांमध्ये गांडूळखताचा हौद बांधतात, वर्षभर चालवतात आणि मग त्यात पालापाचोळा साचत राहतो. सचिवांनी खत काढल्याच्या तारखा आणि सौर यंत्रणेच्या मीटरचे आकडे एका वहीत लिहून ठेवावेत. तपासणीला माणूस आला की तीच वही पुढे करता येते.

उशीर झाला तर दरमहा 2 टक्के दंड, म्हणजे वर्षाला 24 टक्के. 10,000 रुपये दोन वर्षं राहिले तर दंडच 4,800 रुपये. बँकेचं घरकर्जसुद्धा इतकं महाग नसतं. बिलाबद्दल वाद असेल तरी वाद नसलेली रक्कम भरून पोच घ्यावी. वाद निकालात निघेपर्यंत दंडाचं मीटर थांबत नाही.

बिलावरच्या ओळी वाचायच्या कशा

बिलाच्या तक्त्यात एका खाली एक बऱ्याच ओळी असतात, आणि बहुतेक लोक थेट एकूण रकमेवर उतरतात. प्रत्येक ओळीचा मालक वेगळा आहे. सर्वसाधारण कर हा मोकळा पैसा. पगार, रस्ते, दवाखाने, कुठेही वापरता येतो. सफाई, अग्निशमन, पथकर (रस्त्यांसाठीचा कर, टोल नव्हे), जललाभ आणि जलनिःसारण लाभ कर या सेवांच्या नावाने घेतले जातात. जललाभ कर हा पाण्याची व्यवस्था तुमच्या भागापर्यंत पोचवल्याचा कर आहे. वापरलेल्या पाण्याची पाणीपट्टी त्याहून वेगळी. वृक्ष कराला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याचा आधार आहे आणि तो झाडांसाठीच्या निधीत जायला हवा. शिक्षण कराची एक ओळ आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर हे राज्याचे, 1962 च्या कायद्याखालचे. महापालिका ते फक्त गोळा करून राज्याकडे भरते. तेव्हा ‘मी महापालिकेला इतके भरतो’ असं म्हणताना राज्याच्या ओळी वजा करा.

आता आकारणी. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर आकारतात, पुण्यात अजून वार्षिक करपात्र रकमेवर. म्हणजे मिळकत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, याचा महापालिकेने ठरवलेला अंदाज. उदाहरणासाठी दप्तरी 600 चौरस फूट नोंद आणि दर चौरस फुटाला महिना 3 रुपये धरू. 600 गुणिले 3 गुणिले 12, म्हणजे 21,600 रुपये. देखभालीची 10 टक्के वजावट 2,160, उरले 19,440. मालक स्वतः राहत असेल तर 40 टक्के सवलत, उरले 11,664. सगळे कर मिळून समजा 45 टक्के पडतात, तर सवलतीसह बिल सुमारे 5,249 रुपये आणि सवलतीविना 8,748. फरक जवळपास साडेतीन हजारांचा. खऱ्या बिलात काही करांचे दर करपात्र रकमेच्या पायरीनुसार बदलतात, त्यामुळे हा हिशेब दिशा कळण्यापुरताच घ्या. पण तो स्वतःच्या बिलावर एकदा करून पाहिला की क्षेत्रफळाची किंवा सवलतीची चूक लगेच दिसते.

40 टक्क्यांची सवलत आणि पीटी-3

स्वतः राहणाऱ्यांची सवलत पुण्यात 1970 च्या ठरावाने सुरू झाली. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप आला, 2019 मध्ये शासनाने तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला आणि हजारो घरांची बिलं एकदम वाढली. 2023 मध्ये सवलत परत लागू झाली. देखभालीची वजावट मात्र त्याच वेळी 15 टक्क्यांवरून 10 वर आली. ज्यांनी मधल्या काळात जादा रक्कम भरली, त्यांना ती पुढच्या बिलांतून वळती करून देण्याची तरतूद झाली. अशांनी बिलातली समायोजनाची ओळ दरवर्षी तपासावी. पहिल्या वर्षी दिसली म्हणून पुढच्या वर्षी दिसेलच असं धरू नये.

ज्यांची सवलत मध्यंतरी काढली गेली किंवा ज्यांच्या मिळकतीची नोंद 1 एप्रिल 2019 नंतर झाली, त्यांना पीटी-3 अर्ज द्यावा लागतो. सोबत 25 रुपये शुल्क, मालक स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला, आणि मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅसकार्ड यांपैकी त्याच पत्त्याचा पुरावा. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही लागते. अर्ज अडतात ते बहुतेक दोन कारणांनी. पुराव्यावर जुना पत्ता असतो, किंवा बिलावर अजून बिल्डरचं नाव असतं. दुसऱ्या कारणात आधी नाव बदलायचं आणि मग पीटी-3 द्यायचा, हा क्रम उलटला तर दोन्ही अर्ज लटकतात.

नियम बदलला तो शासन आणि महापालिका यांच्या पातळीवर, आणि सिद्ध करण्याचं ओझं पडलं घरमालकावर. ज्या माहितीची महापालिकेकडे आधीच नोंद होती, ती पुन्हा मागून लोकांना रांगेत उभं केलं गेलं. सेवेच्या दृष्टीने ही त्रुटी मोठी आहे. हीच माहिती बिलाच्या मागच्या बाजूला छापून ‘बरोबर आहे’ किंवा ‘चूक आहे’ एवढंच विचारता आलं असतं.

चूक निघाली तर

नाव बदलण्यासाठी नोंदणीकृत दस्ताची प्रत, सूची क्रमांक 2 (दस्तनोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’), शेवटची भरलेली पावती आणि सोसायटीचं पत्र लागतं. हस्तांतरण झाल्यावर तीन महिन्यांत कळवणं ही खरेदी-विक्री करणाऱ्यांची कायद्यातली जबाबदारी आहे, तरी लोक ते वर्षानुवर्षं सोडून देतात. मग वारस नोंदीच्या वेळी तीन पिढ्यांची कागदपत्रं शोधावी लागतात. एक मात्र पक्कं लक्षात घ्या: बिलावर नाव चढलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतीच ती नोंद आहे.

क्षेत्रफळ चुकलं असेल तर मंजूर नकाशा किंवा करारनाम्यातलं क्षेत्रफळाचं पान जोडून फेरमोजणी मागावी. मोजणीला माणूस येईल तेव्हा घरी राहा, त्याच्या कागदावर लिहिलेली मापं स्वतः पाहा आणि प्रत मागा. बाल्कनी, पार्किंग आणि गच्ची यांचं क्षेत्र कुठल्या दराने धरलं आहे हे तिथेच विचारायचं. बिल निघाल्यावर तोच प्रश्न सोडवायला कितीतरी जास्त वेळ जातो.

आकारणी नवीन केली किंवा वाढवली तर विशेष नोटीस येते आणि तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. हरकत लेखी द्या, आवक क्रमांक घ्या, सुनावणीला हजर राहा. ती मुदत गेली की सुनावणीचा सोपा टप्पा हातचा गेला. पुढचा मार्ग महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खालचं अपील. त्यासाठी मुदत 15 दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. छोट्या घरमालकाला हा मार्ग परवडत नाही, म्हणून नोटीस आल्या दिवशीच कामाला लागावं.

समाविष्ट गावांतली स्थिती वेगळी. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2024 मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेसाठी वेगळी काढली गेली. कायद्यात अशा गावांचा कर ग्रामपंचायतीच्या दरावरून टप्प्याटप्प्याने, दरवर्षी 20 टक्के चढवत नेण्याची तरतूद आहे. तिथल्या मिळकतदारांनी ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना 8 चा, म्हणजे घरांच्या करआकारणीच्या नोंदवहीचा, उतारा जपून ठेवावा. घर कधीपासून आहे आणि केवढं आहे याचा तो सर्वात जुना सरकारी पुरावा असतो.

थकबाकीचा फुगलेला आकडा

दरवर्षी मार्चमध्ये थकबाकीचे मोठे आकडे छापून येतात आणि वाटतं, हे वसूल झाले की शहराचे प्रश्न सुटतील. त्या आकड्याचे थर उलगडून पाहायला हवेत. त्यात दुबार नोंदी असतात, म्हणजे एकाच घराची दोन खाती, एकावर कर भरलेला आणि दुसरं वर्षानुवर्षं थकलेलं. न्यायालयात अडकलेल्या रकमा असतात. मोबाइल टॉवरवर कर लावता येतो की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये लावता येतो असा दिला, पण आकारणी कशी आणि कधीपासून यावरचे वाद चालूच राहिले. आणि या सगळ्यावर 24 टक्क्यांचा दंड दरवर्षी चढत असतो. मूळ कर किती, दंड किती, न्यायालयात किती आणि दुबार किती, अशी फोड करून थकबाकी जाहीर करावी ही मागणी प्रत्येक करदात्याने लावून धरावी. फोड नसलेला आकडा अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून धरला की पुढचं सगळं गणित कोसळतं.

अभय योजनेबद्दल स्पष्ट मत नोंदवायला हवं. ऑक्टोबर 2020 मध्ये 50 लाखांपर्यंतच्या थकबाकीवरच्या दंडात 80 टक्के सूट दिली गेली, आणि पुढेही अशा योजना आल्या. कोविडच्या वर्षात ती समजण्यासारखी होती. पण पुन्हा पुन्हा अभय मिळतं हे कळलं की मोठा थकबाकीदार थांबून राहतो, आणि मे महिन्यात कर्ज काढून बिल भरणाऱ्याला 200 रुपयांच्या सुटीवर समाधान मानावं लागतं. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने बिल दारात पोचवण्याचं काम महिला बचत गटांना दिलं, थकबाकीदारांचा वर्षभर पाठपुरावा केला, आणि 2022-23 मध्ये सुमारे 816 कोटी असलेली वसुली 2023-24 मध्ये सुमारे 977 कोटींवर नेली. वसुली अशी वर्षभर करायची असते.

पैसे गेले कुठे: अंदाजपत्रकाचं पुस्तक

अंदाजपत्रक मराठीत, संकेतस्थळावर मोफत मिळतं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते जाडजूड आहे, शेकडो लेखाशीर्षांचं (जमाखर्चाच्या सदरांचं) आहे, आणि बिलावरच्या ओळी त्यात सरळ सापडत नाहीत. वृक्ष कर किती जमा झाला आणि झाडांवर किती गेला, हे एका पानावर समोरासमोर मांडलेलं मिळालं असतं तर या सेवेला पूर्ण गुण देता आले असते.

पुस्तक उघडलं की पहिल्यांदा रकान्यांची नावं वाचा. मागच्या वर्षीची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रांचे मथळे शेवटच्या रकान्यावरून होतात. तुम्ही ‘प्रत्यक्ष’वर बोट ठेवा. पुण्याचं अंदाजपत्रक 2023-24 मध्ये 9,515 कोटींचं होतं, 2024-25 मध्ये 11,601 कोटी आणि 2025-26 मध्ये 12,618 कोटी. दोन वर्षांत जवळपास एक तृतीयांश वाढ. या तीनही वर्षांत मिळकतकराचे दर वाढवले नाहीत. मग वाढीव पैसा येणार कुठून? उत्तर जमेच्या बाजूच्या प्रत्येक ओळीत अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्या फरकात मिळतं. बांधकाम शुल्काचा अंदाज मागच्या प्रत्यक्ष रकमेच्या कितीतरी वर धरलेला दिसला, तर तेवढ्या किमतीची कामं वर्षाच्या शेवटी कागदावरच राहणार हे आजच समजून घ्या.

हे फुगवणं कसं होतं याचं उघड उदाहरण 2021-22 चं. आयुक्तांनी 7,650 कोटींचं अंदाजपत्रक मांडलं, स्थायी समितीने ते 8,370 कोटींवर नेलं. 720 कोटींची कामं वाढली, आणि ती पेलायला उत्पन्नाचे अंदाज वर ओढले गेले. कराचे दर ठरवण्याचा ठराव कायद्याच्या कलम 99 प्रमाणे 20 फेब्रुवारीपर्यंत करावा लागतो. तिथे दरवाढ फेटाळायची आणि मग खर्चाची यादी वाढवायची, हा क्रम गैर आहे, मग तो कुठल्याही पक्षाने केलेला असो. दर न वाढवणं लोकांना आवडतं, पण मग खर्चही त्याच मापात बसवायला हवा. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासकांच्या काळातही आकडा चढतच गेला, हे वरच्या तीन वर्षांवरून दिसतंच.

दोन शब्द ओळखून ठेवा. ‘स’ यादी म्हणजे प्रभागात सुचवलेल्या छोट्या-मोठ्या कामांची यादी. पेव्हिंग ब्लॉक, बाकडी, कमानी, नामफलक यांचा भरणा त्यात असतो. आणि वर्गीकरण म्हणजे एका कामाची तरतूद काढून दुसऱ्या कामाला देणं. गरज पडली तर वर्गीकरण करावंच लागतं. पण सांडपाण्याच्या वाहिनीचे पैसे वर्षाच्या अखेरीस रस्त्याच्या डांबराला गेले, तर ते काम का अडलं होतं याचं कारण त्या ठरावात लिहिलेलं असलं पाहिजे. स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत ‘वर्गीकरण’ हा शब्द शोधत गेलात तर वर्षभरात मूळ अंदाजपत्रक किती बदललं ते दिसेल.

भांडवली कामाचं, म्हणजे नव्या बांधकामाचं, उद्घाटन होतं; महसुली, म्हणजे रोज चालवण्याच्या, खर्चाचं होत नाही. नदी सुधारणेचा जपानी कर्जातून होणारा प्रकल्प घ्या. 990 कोटींच्या मूळ मंजुरीत 11 मैलाशुद्धीकरण केंद्रं, दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमता, खर्चाचा 85 टक्के वाटा केंद्राचा. बांधकामाचा मोठा भार बाहेरून येतो. केंद्रं सुरू झाल्यावरची वीज, रसायनं, माणसं आणि दुरुस्ती मात्र दरवर्षी महापालिकेच्या महसुली बाजूवर पडते, आणि ती भागवायला आपल्या बिलातला जलनिःसारण लाभ कर आहे. ती ओळ पुरत नसेल तर केंद्र बांधूनही पंप बंद राहतात. म्हणून प्रत्येक मोठ्या कामासमोर पुढच्या पाच वर्षांचा देखभाल खर्च लिहिलेला असावा. आज तो लिहिलेला नसतो.

कर्जाचंही तसंच. जून 2017 मध्ये पुण्याने 24 तास पाण्याच्या योजनेसाठी 200 कोटींचे रोखे विकले, व्याज 7.59 टक्के, मुदत 10 वर्षं. वर्षाला व्याजच 15 कोटी 18 लाख. आणि त्या परतफेडीला आधार होता मिळकतकराच्या जमेचा. कर्ज काढणं चूक नाही, लांब टिकणाऱ्या वाहिन्यांसाठी तर ते योग्यच. पण जमिनी, टाक्या आणि रस्ते खोदाईची परवानगी हातात नसताना पैसे आधी उभे केले की काम सुरू होण्याआधी व्याज सुरू होतं. अंदाजपत्रकात कर्जाच्या ओळीजवळ कामाची प्रगती दाखवली तर हे वेळेत कळेल.

आस्थापना खर्चाकडेही नजर टाका. पगार आणि निवृत्तिवेतन यांसाठी शासनाने 35 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. मर्यादेच्या आत असणं चांगलंच, पण कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि चालक यांचे पैसे बहुतेक सेवा किंवा कंत्राटाच्या शीर्षाखाली जातात. ते मिळवल्याशिवाय माणसांवरचा खरा खर्च कळत नाही.

नागरिकांनी सुचवायची कामं

या सगळ्यात करदात्याला थेट हात घालता येतो अशी एक जागा आहे. 2006-07 पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक चालतं. देशात अशी व्यवस्था इतकी वर्षं टिकलेली शहरं थोडी आहेत. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात किंवा संकेतस्थळावर घेतात, एका कामाची मर्यादा 5 लाख रुपये. पदपथ, दिवे, बसथांबा, स्वच्छतागृह, बागेतली कामं, पावसाळी गटाराची छोटी दुरुस्ती अशी कामं बसतात.

अर्ज बाद होण्याची कारणं ठरलेली आहेत: जागा सोसायटीची किंवा खासगी मालकीची, रस्ता दुसऱ्या यंत्रणेच्या ताब्यात, खर्च मर्यादेपलीकडे, किंवा तेच काम आधीच निविदेत. आणि पाचवं कारण अर्ज मोघम असणं. ‘रस्ता चांगला करावा’ यावर कनिष्ठ अभियंता खर्चाचा अंदाज काढू शकत नाही. ‘शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत उजव्या बाजूला 40 मीटर लांब, दीड मीटर रुंद पदपथ, दोन्ही टोकांना व्हीलचेअरसाठी उतार, मध्ये एक विजेचा खांब सरकवावा लागेल’ असं लिहिलं, सोबत दोन छायाचित्रं आणि हाताने काढलेला नकाशा जोडला, तर अंदाज एका भेटीत निघतो.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्या. पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक आलं की आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या यादीत ते काम शोधा, त्याचा संकेतांक लिहून घ्या. एप्रिल ते जून शांत जातात, पावसाळ्यात काम होत नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये निविदेची चौकशी करायची. जानेवारीपर्यंत कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) निघाला नसेल तर ती रक्कम वर्गीकरणात जाण्याची शक्यता वाढते. त्याच महिन्यात लेखी विचारणा करा. काम झाल्यावर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तीन कागद मागा: कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली पानं आणि अंतिम देयक. कागद समोर बसून पाहायचे असतील तर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात अभिलेख खुले ठेवण्याचा आदेश शासनाने 2018 मध्ये काढला होता; तो अजून पाळला जातो का, ते कार्यालयात आधी विचारून घ्या. मोजमाप पुस्तकाच्या पानाची प्रत आणि 30 मीटरची टेप घेऊन पदपथावर जा. लांबी, रुंदी आणि उतारांची संख्या पुस्तकाशी ताडून पाहा, आणि फरक निघाला तर मापांसह त्याच क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपायच्या आत दिलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराचा असतो. तो काळ किती आहे ते कार्यादेशात लिहिलेलं असतं.